वाळवंटातल्या महागड्या रिसॉर्टात पैसे वसूल कसे करायचे: एका होमस्टेवालीचा हिशोब

आमचा गुहागर तालुक्यात चार खोल्यांचा होमस्टे आहे. नऊ वर्षं झाली, "मॅडम, कॉम्प्लिमेंटरी काय काय आहे?" या प्रश्नाला उत्तरं देतेय. यंदा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे नाताळ-न्यू इयरची गर्दी ओसरली आणि आंब्याची कामं अजून अंगावर यायची होती त्या मधल्या फटीत, मी, आमचे हे आणि सासूबाई असे तिघे जैसलमेरला गेलो, वाळूच्या टेकड्यांजवळच्या एका लक्झरी रिसॉर्टात दोन रात्री. पहिल्यांदाच काउंटरच्या पलीकडे उभी राहिले आणि तोच प्रश्न मी विचारला. रिसॉर्टचं नाव घेत नाही, कारण थोडी तक्रार पण आहे. पण आल्यापासून वाडीतल्या तिघी-चौघींनी विचारलंय की एवढे पैसे घालून मिळतं काय, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिली गोष्ट. बुकिंग करताना रात्री मोजू नका, मावळती मोजा. वाळवंटात बघायचं ते सगळं ऊन तिरपं असताना, दुपारी वाळूवर सावली फारशी पडत नाही त्यामुळे टेकडीचा चढ कुठे आणि उतार कुठे ते कळत नाही, नुसतं पांढरं फटक. म्हणजे दोन रात्रींच्या बुकिंगमध्ये हातात येतात दोन संध्याकाळी आणि दोन सकाळी, बास. आमच्याकडे पुण्याचे पाव्हणे कुंभार्ली उतरून रात्री आठला पोचतात, समुद्रावरची संध्याकाळ गेलेली असते, आणि मग सोलकढी जेवणात धरलीय की वेगळी यावर अर्धा तास चर्चा. अहो, मोठी चीज घाटात हरवून आलात, वाटीभर सोलकढीचं काय घेऊन बसलात! तेच मी तिथे करणार होते.

कारण प्रवास लांबचा आहे. चिपळूणहून मुंबई, तिथून विमानाने जोधपूर, मग रेल्वेने जैसलमेर पाच-सहा तास, आणि समच्या वाळूच्या टेकड्या गावापासून अजून चाळीसेक किलोमीटर. (रत्नागिरीवरून मरुसागर एक्सप्रेस जाते, नाव ऐकून मला लहानपणी वाटायचं ही थेट वाळवंटात नेऊन सोडते, पण ती अजमेरला थांबते.) हे सगळं करून रात्री दहाला रिसॉर्टात पोचलं तर पहिल्या रात्रीचे हजारो रुपये गादीवर घोरण्यात गेले. म्हणून आम्ही पहिली रात्र जैसलमेर गावात १,८०० च्या साध्या हॉटेलात काढली, सकाळी किल्ला बघितला, ११५६ चा किल्ला आणि आत अजून लोकांचे संसार चालू आहेत, दोरीवर कपडे वाळतायत, मग गडीसर तलाव, आणि दुपारी एकला रिसॉर्टच्या दारात. चेक-इन दोनचं होतं पण सामान ठेवून घेतलं आणि जेवायला बसवलं. तुमचं चेक-इन तीनचं असलं तरी बाराला जा. खोली नाही मिळाली तरी पूल, लायब्ररी, झोपाळे सगळं वापरता येतं, विचारावं मात्र लागतं.

शेवटच्या दिवशी पण हीच युक्ती. चेकआउट अकराला करा पण निघू नका. सामान क्लोकरूमला ठेवा, संध्याकाळपर्यंत आवारात थांबतो म्हणून आदल्या दिवशीच सांगा, निघण्याआधी अंघोळीला स्पाची नाहीतर जिमची बाथरूम वापरू द्याल का असं विचारा. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात कारण त्यांचं काही जात नाही. तिसरी मावळती फुकट. आमच्यासाठी अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात मोठा पर्क, म्हणजे वरचा लाभ, हाच होता आणि तो कुठल्याच ब्रोशरमध्ये नव्हता.

वेळा लक्षात ठेवा. जैसलमेर पश्चिमेच्या टोकाला असल्यामुळे जानेवारीत सूर्य साडेसातच्या पुढे उगवतो, सहा-सव्वासहाला मावळतो. म्हणजे सनराइज राइडसाठी पहाटे चारला उठायची गरज नाही, हे आमच्या ह्यांना कळल्यावर ते एकदम तयार झाले. तारखा ठरवताना कालनिर्णय काढा. आपण उधाण कधी आहे म्हणून अमावास्या-पौर्णिमा बघतोच, तसंच इथे: तारे बघायचे असतील तर अमावास्येच्या आसपास, चांदण्यातली वाळू बघायची असेल तर पौर्णिमा. कित्येक रिसॉर्टात टेलिस्कोपवाला कार्यक्रम फुकट असतो पण भर पौर्णिमेला टेलिस्कोप लावून बघणार काय, चंद्रच. आणि २४ आणि ३१ डिसेंबरला जाऊ नका, बऱ्याच मोठ्या हॉटेलात त्या रात्री गाला डिनर सक्तीचं असतं आणि त्याचे पैसे वेगळे.

आता पॅकेज. इथे जरा बसून बोलू, कारण इथेच माणूस फसतो. आमच्यापुढे दोन दर होते, खोली अधिक नाश्ता १६,००० रात्रीला आणि "डेझर्ट एक्सपिरियन्स" का कायसं पॅकेज २१,५०० ला. दोन रात्रींचा फरक ११,०००, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,९८०, एकूण १२,९८० जास्त. त्यात काय? दोघांचं दोन्ही रात्रीचं जेवण, दोघांना एकदा उंट, स्टेशनवरून आणणं-सोडणं आणि दोन रात्रींचं मिळून ३,००० चं रिसॉर्ट क्रेडिट, म्हणजे रिसॉर्टातच खर्च करायची रक्कम. त्यांच्या कार्डावरच्या भावाने ही बेरीज १६,००० होत होती, जेवण ८,०००, उंट ३,०००, गाडी २,०००, क्रेडिट ३,०००. बघताक्षणी वाटतं घ्या, तीन हजारांचा फायदा.

पण ती किंमत त्यांची आहे. तुम्ही स्वतःच्या खिशातून त्या वस्तूला किती दिले असते ते लिहा. जेवण ८,००० पूर्ण धरलं कारण चाळीस किलोमीटर बाहेर रानात दुसरीकडे जाणार कुठे. गाडीचे २,००० पण धरले, तेवढी टॅक्सी लागलीच असती. उंटाला मात्र मी १,००० च धरले कारण बाहेर समला भाव करता येतो. क्रेडिट ३,०००. झाले १४,०००. म्हणजे फायदा १,०२० रुपये, आणि तो पण ते क्रेडिट पूर्ण वापरलं तर! हा हिशोब मी घरीच वहीत केला होता आणि मोठ्या शहाणपणाने पॅकेज घेतलं होतं.

क्रेडिटचं काय झालं ते ऐका. दुसऱ्या रात्री जेवून झाल्यावर काउंटरवरच्या पोराला म्हटलं उद्या सकाळी ते तीन हजार वापरतो, तर तो म्हणे "मॅडम, पंधरह सौ ही बचे हैं, वो पर नाइट होता है." म्हणजे रात्रीला १,५००, त्या दिवशी नाही वापरले की गेले, पुढे जमा होत नाहीत. पहिल्या रात्रीचे बुडाले. १,०२० च्या फायद्याचा ४८० चा तोटा झाला. वर हे क्रेडिट बुफेला चालत नाही, दारूला चालत नाही, दुकानात चालत नाही. हे सगळं कन्फर्मेशनच्या मेलमध्ये खाली बारीक अक्षरात होतं, मी वाचलं नव्हतं, पण बुकिंगच्या वेळी फोनवर तिघांशी बोलले, एकानेही सांगितलं नाही याचा राग आहेच. म्हणून क्रेडिट दिसलं की चार गोष्टी विचारा: रोजचं की पूर्ण मुक्कामाचं, कशाला चालतं, कशाला नाही, आणि टॅक्स त्यातून जातो की वर. उत्तर मेलवर घ्या.

आणखी एक खड्डा, तिसरं माणूस. पॅकेज दोघांचं असतं. सासूबाईंचा एक्स्ट्रा बेड घेतला त्यात नाश्ताच होता, रात्रीचं जेवण नाही, उंट नाही. आजी-आजोबा किंवा मोठी मुलं बरोबर असतील तर आधी विचारा. आणि "कॉम्प्लिमेंटरी" आणि "अव्हेलेबल" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पत्रकावर लिहिलेलं असतं "वाळूत कँडललाइट डिनर अव्हेलेबल", तेव्हा समजायचं वेगळे पैसे.

अपग्रेडचं गुपित सांगते, काउंटरच्या आतलं. उद्या कोण येणार आणि कुठल्या खोल्या मोकळ्या राहणार हे मला आदल्या रात्री साधारण नऊला कळतं. त्या वेळी ज्याचा फोन आलेला असतो, नीट बोललेला असतो, त्याला मी समुद्राकडची खोली देते. दारात येऊन "अपग्रेड मिळेल का" म्हणणाऱ्याला द्यायची इच्छा असली तरी तोवर चाव्या वाटून झालेल्या असतात. मोठ्या रिसॉर्टात पण रूम वाटप आधीच झालेलं असतं. म्हणून चार दिवस आधी एक मेल आणि आदल्या संध्याकाळी एक फोन. सोमवार ते गुरुवार जा, शनिवारी मोकळी खोलीच नसते तर देणार कुठून. मी मेल साधा लिहिला होता: "आम्ही तिघं येतोय, सासूबाईंचे गुडघे दुखतात, पायऱ्या नसलेला आणि रेस्टॉरंटजवळचा तंबू मिळाला तर बरं. जमल्यास वाळूकडे तोंड असलेला. स्टेजपासून लांब." मिळाला! स्टेजपासून लांब हे लिहायला विसरू नका, कारण समच्या बाजूला रात्री गाण्याबजावण्याचे कार्यक्रम असतात, शेजारच्या कँपचा डीजे पण ऐकू येतो, आणि मोठा सूट नेमका स्टेजसमोर असला तर तसल्या अपग्रेडला काय चाटायचंय.

लग्नाचा वाढदिवस खरा असेल तर सांगा. खोटा सांगू नका, आम्हाला कळतं, आधार कार्ड घेतो तेव्हा बायकोच्या चेहऱ्याकडे बघून कळतं. आणि खरा असला तरी केक आणि टॉवेलचे हंस येतात ते काय कामाचे. मी म्हटलं केक नको, त्याऐवजी शेवटच्या दिवशी खोली दोनपर्यंत राहू दे. दिली की. मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही म्हणतात ते इथे शंभर टक्के लागू.

मेंबरशिपबद्दल थोडक्यात. मोठ्या हॉटेल-साखळ्यांचे पर्क सहसा त्यांच्याच वेबसाइटवरून बुक केलं तरच मिळतात, स्वस्त म्हणून दुसऱ्या ट्रॅव्हल साइटवरून घेतलं की पॉइंटपण नाही आणि लेट चेकआउटपण नाही. मॅरियटचं जैसलमेरला रिसॉर्ट आहे आणि त्यांचं एचडीएफसीबरोबरचं क्रेडिट कार्ड २०२३ मध्ये आलं, त्यात मेंबरशिपची सिल्व्हर पायरी मिळते, तिच्या वर गोल्ड आणि प्लॅटिनम. पण सिल्व्हरला लेट चेकआउट म्हणजे जमलं तर जमलं. गोल्डला दुपारी दोन, तेही जमलं तर. प्लॅटिनमला चार, पण यात मेख अशी की चारची हमी शहरातल्या साध्या हॉटेलांत, रिसॉर्टात तेही उपलब्धतेवर. म्हणजे जिथे लेट चेकआउट खरं हवं तिथेच हमी नाही! अमेरिकन एक्सप्रेसच्या प्लॅटिनम कार्डवाल्यांना त्यांच्या फाइन हॉटेल्स अँड रिसॉर्ट्स योजनेतून बुक केल्यावर चारची हमी, दोघांचा नाश्ता आणि शंभर डॉलरचं क्रेडिट असतं, ज्यांच्याकडे आहे त्यांनी बघा. नुसत्या एका ट्रिपसाठी कार्ड काढणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

बरं, उंट. राइड पॅकेजमध्ये असेल तर सगळे संध्याकाळची घेतात, म्हणून सकाळची घ्या, वाळूवर रात्रभराच्या वाऱ्याच्या लाटा तशाच असतात, ओहोटीनंतर पुळणीवर दिसतात ना अगदी तशा, आणि त्यावर किड्यांच्या आणि पक्ष्यांच्या पावलांच्या रांगा. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे तुम्ही पुढे फेकले जाता, म्हणून उठताना मागे झुकायचं. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हापण मागेच झुकायचं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी उंटाच्या मानेला मिठी मारली. सासूबाईंचा उंट पॅकेजमध्ये नव्हता पण उंटवाल्याने आपणहून पाचेक मिनिटं फिरवलं, त्या पदर खोचून मागे झुकून ताठ बसल्या, म्हणाल्या होडीत लाट आली की असंच बसतात. त्याला मी स्वतंत्र टिप दिली. टिप अशी हातात द्या, बिलात "सर्व्हिस" म्हणून घातलेली त्याच्यापर्यंत पोचते की नाही देव जाणे.

संध्याकाळचं मांगणियारांचं, म्हणजे तिकडच्या लोकगायकांचं, गाणं चुकवू नका, हे बहुतेक चांगल्या रिसॉर्टात दरात धरलेलं असतं. कमायचा नावाचं गजाने वाजवायचं वाद्य आणि हातातली खडताल. लोक पहिल्या दोन गाण्यांत व्हिडिओ काढतात आणि बुफेकडे पळतात. तुम्ही बसून राहा, गर्दी पांगली की तेच गायक जरा निवांत होतात, त्यांना आवडीचं गायला सांगा. आम्ही थंडीत दीड तास बसलो. थंडी म्हणजे खरीच, रात्री पारा एक आकडी होतो, आपल्या कोकणातल्या माणसाला स्वेटर म्हणजे ट्रंकेतली वस्तू, तर दोन जोड घ्या. झोपायच्या आधी गरम पाण्याची पिशवी आणि जास्तीची रजई मागा, दोन्ही फुकट मिळालं. हवा इतकी कोरडी की दुसऱ्या दिवशी ओठ फुटले, सासूबाईंनी आणलेलं खोबरेल तिघांनी वापरलं आणि स्पावरची २० टक्के सूट आम्ही सोडून दिली, सूट जाऊनसुद्धा मसाजचा आकडा बघून तेलाची बाटलीच बरी वाटली.

फुकट शटल असेल तर त्याचा उपयोग गावात शॉपिंगला करण्यापेक्षा कुलधराच्या ओसाड गावाला किंवा निसर्ग-सफरीला होतो का बघा. डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे, आपला माळढोक तिथे अजून टिकून आहे. आम्हाला दिसला नाही, चिंकारा दिसले.

ज्यांचे भाऊ-दीर आखातात आहेत (आपल्याकडे घरटी एक आहेच) त्यांच्यासाठी दुबईबद्दल दोन शब्द. तिथलं अल महा हे १९९९ पासूनचं रिसॉर्ट, वाळवंटाच्या राखीव क्षेत्रात आहे, २२५ चौरस किलोमीटरचं, ओरिक्स हरणं फिरतात, अल महा म्हणजेच ओरिक्स. दरात तिन्ही जेवणं आणि माणशी रात्रीला दोन ॲक्टिव्हिटी धरलेल्या असतात. म्हणजे मेंबरशिपचा फुकट नाश्ता तिथे शून्य किमतीचा, तो आधीच तुमच्या पैशातला. ॲक्टिव्हिटी बुकिंगबरोबरच ठरवून टाका, संध्याकाळी उंट आणि सकाळी ससाण्याचा खेळ ही जोडी घ्या, नाहीतर उरलेल्या वेळा दुपारच्या मिळतात. दुबईत दिसतो त्या दरावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, ७ टक्के म्युनिसिपालिटी फी, ५ टक्के व्हॅट, आणि पंचतारांकितला खोलीमागे रात्रीला २० दिऱ्हॅम टुरिझम फी लागते, तेव्हा दर "सगळं धरून" आहे का विचारा. कार्ड स्वाइप करताना मशीन विचारतं रुपयात की दिऱ्हॅममध्ये, दिऱ्हॅम दाबा. रुपयात त्यांचा भाव लागतो.

निघायच्या आदल्या रात्री बिलाची कच्ची प्रत मागा. सकाळी गाडी लागलेली असताना वाचून होत नाही. आमच्या बिलात मिनीबारमधल्या सोड्याच्या दोन बाटल्या होत्या ज्या आम्ही उघडल्याच नव्हत्या, लगेच काढल्या. पॉइंट जमा व्हायचे असतील तर बिलाची पीडीएफ दोन-तीन आठवडे ठेवा.

आणि ते उरलेले १,५००. दुसऱ्या रात्रीचं क्रेडिट बाराला संपणार होतं, पोटात जागा नव्हती, मी नुसती चिडचिड करत होते. सासूबाई म्हणाल्या, अगं उद्या गाडीत खायला लागणार ना, ते आत्ता सांग की. रूम सर्व्हिसच्या मेनूतून आलू पराठे, केर-सांगरी ही तिकडची भाजी आणि दह्याऐवजी लोणचं जास्त, असं सांगून डब्यात बांधून घेतलं, १,४७० झाले. पराठे जोधपूरपर्यंत पुरले, केर-सांगरी यांनी पोखरणच्या आतच संपवली, लोणच्याची वाटी आम्ही गुहागरला आणली.